सेव्हिलचा उन्हाळा आणि तळमजल्याचे घर

गेल्या आठवड्यात इथल्या हवामान खात्याने लागोपाठ चार दिवस उष्णतेचा नारंगी इशारा दिला होता. त्यातल्या तिसऱ्या दिवशी अकोल्याहून आईचा फोन आला आणि तिने नेहमीप्रमाणे विचारले, "तुला काय गं उन्हाचं एवढं? अकोल्याची ना तू?" सात वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सेव्हिलला राहायला आलो तेव्हा मीही सर्वांना हेच सांगत असे. ज्या गावात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तिथे माझे बालपण गेले, तेव्हा दक्षिण स्पेनचा उन्हाळा मला काय करणार, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. का चुकीची होती, हे नीट लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण त्यात केवळ तापमानाचा प्रश्न नाही.

आकड्यांपुरते बोलायचे तर दोन्हीकडचे ऊन सारखेच आहे. सेव्हिलमध्ये जुलैचे सरासरी कमाल तापमान 36 अंशांच्या आसपास असते, पण उष्णतेची लाट आली की ते सहज 42-43 वर जाते. शेजारच्या कोर्दोबा प्रांतात ऑगस्ट 2021 मध्ये 47 अंशांच्या वर नोंद झाली, आणि जून 2025 मध्ये उएल्वा प्रांतातल्या एल ग्रानादो या लहानशा गावी 46 अंश मोजले गेले. कोर्दोबा आणि सेव्हिल यांच्या मधल्या एसिखा गावाला तर लोक 'आंदालुसियाचा', म्हणजे दक्षिण स्पेनच्या या प्रदेशाचा, 'तवा' म्हणतात. ग्वादाल्किविर नदीचे हे सखल खोरे उन्हाळ्यात तापते आणि समुद्राचा वारा तिथपर्यंत येईतो मंदावलेला असतो. इथवर सारे मला ओळखीचे होते.

ओळखीचे नव्हते ते या उन्हाळ्याचे संपणे. आपल्याकडे ऊन कितीही तापले तरी मृगाची तारीख प्रत्येकाला पाठ असते, शेतकऱ्याला आणि शाळकरी मुलालाही. मेच्या अखेरीस आभाळात ढग जमू लागतात, धुळीचे वादळ येते, वळीव पडतो, आणि अंगाची लाही होत असतानाही माणूस कशाची तरी वाट पाहत असतो. इथे वाट पाहण्यासारखे आभाळात काही नसते. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आकाश रोज तसेच निळे, स्वच्छ आणि कोरडे असते, आणि सेव्हिलमध्ये जुलै महिन्याचा पाऊस दोन-चार मिलिमीटरही भरत नाही. पावसाळा येतो तो शरदात आणि हिवाळ्यात. पहिल्या वर्षी जुलैच्या शेवटी मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघत असे, आणि आपण ढग शोधत आहोत हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

दुसरी अनोळखी गोष्ट म्हणजे घड्याळ. स्पेन भौगोलिकदृष्ट्या इंग्लंडच्या रेषेत असूनही 1940 पासून मध्य युरोपच्या वेळेवर चालतो, आणि उन्हाळ्यात घड्याळे आणखी एक तास पुढे जातात. त्यामुळे सेव्हिलमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी अडीचच्या सुमारास, आणि सर्वांत कडक ऊन लागते ते संध्याकाळी पाच ते सात या वेळात. जूनच्या अखेरीस सूर्य मावळायला पावणेदहा होतात. आपल्याकडे 'चारनंतर ऊन उतरेल, मग बाहेर पडू' असे म्हणतो. मी पहिल्या उन्हाळ्यात त्याच हिशेबाने साडेपाचला मुलीला घेऊन बाजारात निघाले. रस्त्यावर एकही माणूस नव्हता. दोन चौक ओलांडेपर्यंत मुलीचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ती बोलेनाशी झाली होती. एका बंद दुकानाच्या दारातल्या सावलीत तिला बसवून तिच्या डोक्यावर बाटलीतले पाणी ओतताना मला जी भीती वाटली, ती मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवशी आम्हाला घरी नेले ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजींनी, आणि उन्हाळ्यात इथे कसे राहायचे हे मला त्यांनीच शिकवले. त्या सगळ्यांना 'मी आर्मा' म्हणतात, म्हणजे 'माझ्या जिवा', आणि ते इतक्या सहज म्हणतात की आपल्याकडची एखादी आत्याच बोलते आहे असे वाटावे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिना चढून वर आल्या आणि मी वाऱ्यासाठी उघड्या ठेवलेल्या सगळ्या खिडक्या त्यांनी बंद केल्या. खिडक्यांना बाहेरून गुंडाळीचे पडदे असतात, त्यांना पर्सियाना म्हणतात. सकाळी नवाच्या आत ते खाली ओढायचे, दिवसभर घरात अंधार ठेवायचा, आणि रात्री अकरानंतर, बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा थंड झाली की मगच सगळे उघडायचे. दुपारी फरशी पुसायची. चूल पेटवायची ती सकाळी, आणि दुपारी जेवणाला गास्पाचो किंवा साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचे गार सूप, करायचे. गास्पाचोतले टोमॅटो, काकडी, व्हिनेगर आणि मीठ पोटात गेले की जो आराम पडतो, तो पन्ह्याने पडतो त्याच जातीचा आहे.

त्यांच्या स्वयंपाकघरात मातीचा एक चंबू आहे. स्पेनमध्ये त्याला बोतिखो म्हणतात, सेव्हिलची जुनी माणसे बुकारो म्हणतात. नवा आणला की मातीचा वास जावा म्हणून त्यात आधी बडीशेपेच्या स्वादाची दारू घातलेले पाणी भरून ठेवतात आणि ते फेकून देतात. आपला माठ ज्या कारणाने पाणी गार करतो, त्याच कारणाने हाही करतो. भाजलेल्या सच्छिद्र मातीतून पाणी झिरपते, कोरड्या हवेत त्याची वाफ होते, आणि वाफ जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर चालतात तेही कोरड्या हवेच्याच बळावर. तो चंबू पहिल्यांदा पाहिला तेव्हा या गावाबद्दल मला प्रथमच आपलेपणा वाटला.

आता माझ्या मताकडे येते. परदेशातून इथे आलेल्या माझ्या ओळखीच्या लोकांच्या बोलण्यात जुलै-ऑगस्टभर एकच तक्रार असते. कार्यालये दुपारी तीनला बंद होतात, ऑगस्टमध्ये न्यायालयीन कामकाज जवळजवळ थांबते, परवान्याच्या कागदांसाठी भेटीची वेळ मिळत नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीवर 'सुट्टीसाठी बंद' अशी पाटी लागते. माझेही एक महत्त्वाचे कागदपत्र एका ऑगस्टमध्ये पाच आठवडे अडकून पडले होते आणि त्याचा मला खरोखर त्रास झाला. तरीही मला ही तक्रार मान्य नाही. विदर्भात वाढलेल्या कोणालाही 'सकाळची शाळा' समजावून सांगावी लागत नाही. ऊन तापू लागले की शाळेची वेळ बदलते आणि त्यात कोणाला आळस दिसत नाही. इथे तेच तत्त्व अख्ख्या शहराने स्वीकारले आहे. उन्हाळ्यात पुष्कळ कार्यालये आठ ते तीन या वेळात चालतात, बांधकामावरचे मजूर सकाळी सातला सुरू करून दुपारी घरी जातात, आणि शहर रात्री नऊनंतर पुन्हा जागे होते. आपण नवखे लोक मात्र सपाट, बारमाही वेळापत्रक मनात धरून येतो, आणि गावाने त्याप्रमाणे चालावे असा हट्ट धरतो. ज्या माणसाला इथे राहायचे आहे त्याने भाषेच्या आधी हे वेळापत्रक शिकावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पण हे शिकवणाऱ्या आजींचेच घर आता राहील की नाही, याची मला काळजी आहे, आणि ही पोस्ट लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. सेव्हिलच्या जुन्या घरांची एक रीत होती. मधोमध चौक, चौकात कुंड्या आणि बऱ्याच ठिकाणी कारंजे, वर ओढायचे कापडी छत, आणि कुटुंब उन्हाळ्यात तळमजल्यावर, हिवाळ्यात वरच्या मजल्यावर राहायला जाई. आपल्या वाड्यातले माजघर मे महिन्यातही जसे गार असे, तसाच तळमजला इथे असतो, कारण जाड भिंती आणि जमिनीचा गारवा यांमुळे तिथपर्यंत ऊन पोहोचत नाही. तीच घरे आज पर्यटकांना चार-चार दिवसांसाठी दिली जातात. आमच्या गल्लीत दारांवर किल्ली ठेवण्याच्या लहान पेट्या बसल्या आहेत, आणि त्या बसलेल्या दारांमागे पूर्वी म्हातारी माणसे राहत होती. तळमजला गेला की ती वरच्या मजल्यावर किंवा शहराबाहेरच्या वस्तीत जातात, जिथे छत दिवसभर तापते आणि भिंती रात्रभर ते ऊन परत देत राहतात. रात्रीचे तापमान 25 अंशांच्या खाली उतरतच नाही अशा रात्री या वस्त्यांत ज्यांनी काढल्या आहेत, त्यांना वातानुकूलन ही चैन वाटत नाही. त्यातही गरीब वस्त्यांमध्ये नेमकी उन्हाळ्यात वीज जाते, आणि तिथले रहिवासी त्यासाठी वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरत आले आहेत.

आम्ही स्वतः परदेशी आहोत आणि घरभाडे वाढण्यात आमच्यासारख्यांचाही हात आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच मला असे वाटते की इथला गारवा ही खासगी मालमत्ता समजणे चूक आहे. सिएर्पेस रस्त्यावर दरवर्षी एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत कापडी छते ताणली जातात आणि त्या सावलीतून चालणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू कोण. मात्र ती सावली खरेदीच्या रस्त्यांवर आधी येते, आणि बाहेरच्या वस्त्यांमध्ये बसची वाट पाहणारी बाई उन्हातच उभी असते. तिथे आधी झाडे आणि छते हवीत, यात मला शंका नाही.

काही गोष्टी बदलल्या आहेत, आणि त्या लोकांनी मागितल्या म्हणून बदलल्या. तापलेल्या वर्गांत मुलांना बसवू नये यासाठी पालकांनी लढा दिला आणि 2020 मध्ये आंदालुसियाच्या विधिमंडळाने शाळा गार ठेवण्यासंबंधी कायदा केला. माझ्या मुलीच्या वर्गात अजून पंखेच आहेत, म्हणजे कायद्यापासून वर्गापर्यंतचे अंतर बरेच आहे. 2022 च्या जुलैमध्ये सेव्हिलने उष्णतेच्या लाटेला वादळासारखे नाव दिले, 'झोए', आणि असे करणारे ते जगातले पहिले शहर ठरले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये उष्णतेमुळे साडेचार हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज होता, तेव्हा नाव देऊन लोकांना सावध करणे मला योग्यच वाटते. 2023 पासून असा कायदाही आहे की नारंगी किंवा लाल इशारा असताना, संरक्षणाची दुसरी पुरेशी सोय नसेल तर उघड्यावरच्या कामाचे तास बदलले किंवा कमी केले पाहिजेत. तरीही दुपारी चार वाजता पाठीवर चौकोनी पेटी घेऊन जेवण पोहोचवणारी मुले मला खिडकीच्या फटीतून दिसतात, आणि त्यातली बरीचशी आमच्यासारखीच दुसऱ्या देशांतून आलेली असतात.

किनाऱ्यावर, फुएनखिरोला किंवा मिखासला, राहणाऱ्या ब्रिटिश निवृत्तांना सगळे एक्सपॅट म्हणतात. आल्मेरियाच्या तीस हजार हेक्टरांच्या आसपास पसरलेल्या प्लास्टिकच्या हरितगृहांत राबणाऱ्या मोरोक्कन माणसाला तो शब्द कोणी लावत नाही. हिवाळ्यात हा फरक नुसता शब्दांचा वाटतो. ऑगस्टमध्ये तो डोळ्यांना दिसतो, कारण एकाला महिनाभर उत्तरेकडे जाता येते आणि दुसऱ्याला जाता येत नाही.

जे जात नाहीत त्यांच्यासाठी रात्री असतात, आणि त्या रात्रींवर माझे मनापासून प्रेम आहे. जुलैच्या शेवटी नदीपलीकडे, सेव्हिलच्या ज्या भागात आम्ही राहतो त्या त्रियानात, सांता आनाची जत्रा भरते, तेव्हा पाण्यावर आडवा बांधलेला, चरबी चोपडलेला खांब चालत जाऊन टोकाचे निशाण काढण्यासाठी पोरे एकामागून एक नदीत पडतात आणि काठावर सार्डिन भाजण्याचा वास सुटतो. एरवी रात्री अकराला आजी दारात खुर्ची टाकतात, मग समोरच्या बाई आपली आणतात, आणि गल्लीत गप्पा सुरू होतात. कादिस प्रांतातल्या आल्गार गावाने तर दारात खुर्च्या टाकून गप्पा मारण्याच्या या प्रथेला युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता द्यावी, अशी मोहीम 2021 मध्ये सुरू केली. ओट्यावर बसणारी माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला ती मोहीम अजिबात विचित्र वाटणार नाही. मी दुसऱ्या वर्षापासून माझी खुर्ची खाली नेऊ लागले. या गावात मला कोणी आपले म्हटले असेल तर ते त्या खुर्चीवर.

आजींच्या घरमालकाने त्यांना डिसेंबरपर्यंत घर सोडायला सांगितले आहे. गल्लीतल्या बायकांनी मिळून वकील पाहिला आहे, पण वकील सप्टेंबरमध्ये भेटेल. तोवर 15 ऑगस्ट येईल. त्या दिवशी सकाळी आठला प्रधान चर्चमधून 'राजांची माता' मेरीची मिरवणूक निघते, आसपासच्या गावांतून माणसे रात्रभर चालत येतात, आणि सगळीकडे नार्दोचा, म्हणजे आपल्या निशिगंधाचा, दरवळ असतो. लहानपणापासून त्यांनी ती मिरवणूक चुकवलेली नाही, पण यंदा गुडघ्यांमुळे त्यांना पुलापलीकडे चालवणार नाही. मी आणि मुलगी जाणार आहोत. साडेसहाला निघायचे ठरले आहे, तेव्हा इथे अजून अंधार असतो, आणि येताना त्यांच्यासाठी निशिगंधाची जुडी आणायची आहे.