‘ट्रॅक सगळ्यांना सारखाच’? मग एप्समचं काय?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा सीझन जवळ आला की रेसवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच: घोडा, जॉकी आणि पाठीवरचं वजन एवढंच बघा. ट्रॅकच्या नादी लागू नका, तो सगळ्यांना सारखाच असतो. 2400 मीटर कुठेही 2400 मीटरच. आतला ड्रॉ, म्हणजे आतल्या कठड्याजवळची सुरुवातीची जागा, मिळाला की अर्धी रेस खिशात. डावं वळण काय, उजवं काय, सारखंच. आणि खरा घोडा कुठेही जिंकतो. नवखी माणसं हे वाचून कष्टाचे पैसे लावतात, म्हणून मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यायला हवं.

‘ट्रॅक सगळ्यांना सारखाच.’ प्रश्नपत्रिकासुद्धा सगळ्या वर्गाला एकच असते. पण गणितात पहिला येणारा मुलगा मराठीतही पहिला येईल असं कोणी म्हणत नाही. ट्रॅकचंही तसंच आहे. कुठे दम लागतो, कुठे चपळाई, तर कुठे उतारावर तोल सांभाळण्याची हातोटी.

इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी रेस घ्या. सुरुवातीलाच चढण, सुमारे 40 मीटर उंचीची. वर पोचलं की डावीकडे वळत उतरायचं ते टॅटनहॅम कॉर्नर या वळणापर्यंत, म्हणजे वेग वाढत असतानाच बेंड घ्यायचा. पुढच्या सरळ पट्ट्यावर जमीन आतल्या रेलकडे, म्हणजे कठड्याकडे, कललेली, त्यामुळे थकलेला घोडा आपोआप आत ओढला जातो. 1986 साली डान्सिंग ब्रेव्ह हा जबरदस्त घोडा इथे शाहरास्तानीकडून अर्ध्या लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या लांबीने, हरला. त्याला फार मागे ठेवलं म्हणून जॉकी ग्रेव्हिल स्टार्कीला पुष्कळ बोल लागले, पण उतारावर घोड्याचा तोल बसला नव्हता, हेही तेव्हापासून सांगितलं जातं. पुढच्याच महिन्यात अ‍ॅस्कॉटला, उजव्या वळणाच्या ट्रॅकवर, तो जिंकला आणि शाहरास्तानी चौथा आला. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या लाँगशाँला आर्क रेसमध्ये पुन्हा हेच घडलं: हा पहिला, तो चौथा. एप्समचा निकाल म्हणजे घोड्याची अखेरची किंमत, असं मानून ज्यांनी पुढे पैसे लावले त्यांना तो निकाल महागात पडला.

‘2400 मीटर कुठेही 2400 मीटरच.’ आपली इंडियन डर्बी 2400 मीटरची, एप्समची डर्बीही जवळपास तेवढीच. पण महालक्ष्मी सपाट लंबगोल आहे, मेलबर्नच्या कॉलफील्डच्या धर्तीवर आखलेला. दोन्हीकडच्या वेळा शेजारी मांडून काहीच कळत नाही. वेळ किती फसवी असते ते एप्समच्याच पाच फर्लांगांच्या (सुमारे 1000 मीटरच्या) पट्ट्यावर दिसतं. 2012 मध्ये स्टोन ऑफ फोल्का तिथे 53.69 सेकंदांत धावला. ताशी 67 किलोमीटरचा वेग, आणि तोही गेटमधून उभ्याने सुटून! घोडा वेगवान होताच, पण तो पट्टा उताराचा आहे हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धवटच.

अंतराबरोबर शेवटचा सरळ पट्टा किती लांब, तेही बघावं. मेलबर्न या एकाच शहरात फ्लेमिंग्टनचा स्ट्रेट सुमारे 450 मीटर, तर जुन्या मूनी व्हॅलीचा 173. मागून येऊन शेवटी झेप घेणाऱ्या घोड्याला फ्लेमिंग्टनवर जागा मिळते. मूनी व्हॅलीवर तो पुढच्यांना गाठेपर्यंत विनिंग पोस्ट येऊन जायचा.

‘आतला ड्रॉ म्हणजे अर्धी रेस खिशात.’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच जास्त फसवतो. हिशोब कागदावर करून बघा. अर्धवर्तुळाच्या बेंडवर रेलपासून 3 मीटर बाहेरून धावलं तर 3 गुणिले 3.14, म्हणजे सुमारे साडेनऊ मीटर जास्त पडतात. घोड्याची लेंग्थ अडीच मीटर धरली तर जवळपास चार लेंग्थ झाल्या. इथे रेस नाकभर फरकाने हरतात! इंग्लंडमधला चेस्टर तर गोलच आहे. तिथे पाच फर्लांगांची रेस बहुतेक बेंडवरच होते, म्हणून आतल्या ड्रॉला खरोखर वजन असतं. पण फ्लेमिंग्टनच्या 1200 मीटरच्या सरळ रेसमध्ये बेंडच नाही. मग आतला म्हणजे कुठला? तिथे घोडे अनेकदा दोन गटांत फुटून दोन बाजूंना धावतात, आणि त्या दिवशी कुठल्या बाजूचं गवत चांगलं आहे यावर बरंच ठरतं. शिवाय गवत वाचवायला रेल आतबाहेर सरकवतात. हाँगकाँगच्या हॅपी व्हॅलीत तर रेलच्या जागेप्रमाणे एकाच ट्रॅकला ए, बी, सी अशी नावं आहेत.

‘डावं वळण काय, उजवं काय.’ दुर्बीण असेल तर घोडे बेंडवरून स्ट्रेटला येतात तो क्षण नीट बघा. उजव्या वळणावर घोडा उजवा पाय पुढे टाकत धावतो, आणि सरळ पट्ट्यावर येताच क्षणभर लय मोडून डावा पुढे घेतो. ज्याला हा बदल सहज जमतो तो तिथेच अर्धी लेंग्थ कमावतो. काही घोड्यांना एका बाजूचं वळण मनापासून आवडत नाही, ते बेंडवर बाहेर फाकतात. मेलबर्नला घोडे डावीकडे वळतात, सिडनीला उजवीकडे, त्यामुळे तिथे हा प्रश्न रोजचाच.

‘खरा घोडा कुठेही जिंकतो.’ हो, ऑस्ट्रेलियाची विंक्स ही घोडी जिंकली. सलग 33 रेसेस, सिडनीच्या रँडविकवरही आणि मूनी व्हॅलीवर लागोपाठ चार वेळा कॉक्स प्लेट ही मोठी रेससुद्धा. पण अशा घोडीवर भाव इतका कमी मिळतो की लावणाऱ्याच्या हाती फारसं काही येत नाही. आपण पैसे लावतो ते बाकीच्या शेकडो घोड्यांवर, आणि त्यांना ट्रॅक नक्कीच घडवतो किंवा बिघडवतो. त्यात सप्टेंबर 2025 पासून पैजेवर 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे चूक आणखी महाग पडते.

आपल्याकडे हे सगळ्यात जवळून दिसतं ते पुणे आणि मुंबईत. क्लब एकच, बरेचसे घोडे, ट्रेनर, जॉकी तेच. पण पुण्याचा सीझन पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात. जमीन किती मऊ ते पेनेट्रोमीटरने मोजतात: ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं आणि दांडी किती रुतते ते बघायचं. तो आकडा जाहीर होतो, तरी बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. डिसेंबरमध्ये महालक्ष्मीला एखाद्या घोड्यापुढे पुण्याचा ‘1’ (पहिला नंबर) दिसला, तर तो ऑगस्टच्या चिखलात मिळाला की ऑक्टोबरच्या सुकलेल्या गवतावर, तेव्हा ड्रॉ कितवा होता, बेंडवर तो रेलला होता की बाहेर, एवढं पेन्सिलीने शेजारी लिहा आणि मगच पैज लावायच्या खिडकीकडे जा.