कौल मोजायचा कुठे?

सोलापूरच्या मित्रमंडळींच्या वादात हल्ली स्वित्झर्लंडचा दाखला फार येतो. बहुमताचा निर्णय अडवणाऱ्या न्यायाधीशांना निवडून कुणी दिलंय? मोठे प्रश्न सरळ लोकांनाच विचारा, स्विस विचारतात तसे! झ्युरिकमध्ये राहून हे वाचताना वाटतं, दाखला देणाऱ्यांनी या मतपेटीचा अर्धाच इतिहास वाचलाय.

घटनादुरुस्ती सुचवायची तर इथे अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमवाव्या लागतात. मग मतदान. मंजुरीला देशभरातल्या मतदारांचं बहुमत लागतं आणि निम्म्याहून जास्त कँटनांचंही, म्हणजे तिथल्या घटकराज्यांचं. संसदेचा कायदा घटनेशी विसंगत वाटला तरी कलम १९० नुसार सर्वोच्च न्यायालयाला तो लागू करावाच लागतो. केशवानंद भारती प्रकरणात १९७३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं की संसदेला घटनेची ‘मूलभूत चौकट’ मोडता येत नाही; तसा अडसर इथे नाही.

मग या खुल्या वाटेने काय आलं? १८९३ मध्ये लोकांच्या पुढाकाराने मंजूर झालेली पहिलीच दुरुस्ती होती जनावराला आधी बेशुद्ध न करता कापण्यावर बंदीची. नाव प्राणिदयेचं, फटका ज्यूंना. २००९ मध्ये ५७.५ टक्के मतांनी मिनार बांधायला बंदी आली. तेव्हा देशात मिनार होते चार.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण लुत्सर्नजवळच्या एमेनचं. तिथे नागरिकत्वाचे अर्ज थेट मतदानाला टाकले जात. २००० साली इटालियन अर्जदारांना होकार मिळाला, युगोस्लाव्हियातून आलेल्यांना नकार. प्रकरण गावपातळीचं असल्याने न्यायालयाला कलम १९० आड आलं नाही. जुलै २००३ मध्ये त्याने सांगितलं: नकार द्यायचा तर कारण द्या, आणि गुप्त मतदान कारण देऊ शकत नाही. मला हे फार पटतं. बहुमताने चुकीचा निर्णय घेतला, एवढाच तो आक्षेप नव्हता. एका माणसाच्या हक्काचा निवाडा करायला मतपेटी हे साधनच नव्हे, असा होता. पुढे ती पद्धत परत आणायचा प्रस्ताव २००८ मध्ये लोकांनीच मोठ्या फरकाने फेटाळला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आपल्याकडे कलम ३६८ खाली प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश लागतं. काही कलमांसाठी निम्म्या राज्यांची संमतीही. लोकसभेचे ५४३ खासदार मत देत असतील तर ३६२. आकडा जमवणं अवघड खरं, पण लाटेत तो जमतो. केशवानंद प्रकरणातला न्यायाधीशांचा तो एका मताचा फरक मलाही खुपतो. तरी जमलेल्या आकड्याने काय काय पुसता येऊ नये, हा प्रश्न त्याने संपत नाही.

आणि बहुमत मोजायचं कुठल्या हद्दीत? सोलापूरकराला हे खरं तर कुणी शिकवायला नको. पूर्व भागात तेलुगू भाषकांचा जोर, राज्यात तेच अल्पसंख्य, तेलंगणात पुन्हा बहुसंख्य. अक्कलकोटचा कन्नड शेतकरी १ नोव्हेंबर १९५६ ला घर न सोडता आणखी छोट्या गटात गेला, कारण विजापूर, धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि तो मुंबई राज्यात राहिला. त्याच दिवशी बेळगावचा मराठी माणूसही अल्पसंख्य झाला. ज्या सातव्या दुरुस्तीने राज्यांची नवी मांडणी घटनेत नेली, तिनेच कलम ३५०अ घातलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय. टी.एम.ए. पै प्रकरणात २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने अल्पसंख्य कोण ते राज्य धरूनच ठरवलं. त्यामुळे अक्कलकोटमधली कन्नड संस्था आणि बेळगावातली मराठी संस्था एकाच कलम ३० वर उभ्या आहेत: अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. एकीचं कलम ढिलं केलं की दुसरीचंही होतं. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या आमच्याच माणसांच्या हे ध्यानात येत नाही, याचं नवल वाटतं.

तक्रारीला जागा आहे ती दुसरीकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमति निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, पूर्ण सूट मिळाली, त्यामुळे दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागाही गेल्या. संस्थाचालक अल्पसंख्य, वर्गात त्या समाजाची मुलं मोजकीच, आणि अल्पसंख्याक दर्जा घेतला तो या सवलतीसाठी, अशी शाळा असेल तर शेजारच्या गरीब पालकाने रागावू नये असं कोण म्हणेल? पण त्यावर इलाज कलम ३० पुसण्याचा नाही. दर्जा देताना भाषा-संस्कृती जपण्याचं काम खरंच चालतं का, हे तपासता येतं. सूट संपूर्ण कायद्यातून की फक्त प्रवेशापुरती, याचा फेरविचारही होऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, प्रमतिवर शंका घेऊन विषय मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे धाडला आहे. कारणं लिहून.