बेळगावची विहीर आर्क्टिकला पाठवण्याची सोपी रीत

गावातल्या पोरांनी उन्हात फिरून मोबाईलवर विहिरी, बोअर आणि शेतांचे बांध टिपलेत. फाइल केएमएल (नकाशावरच्या जागा मजकुरात लिहून ठेवणारी फाइल) आहे आणि पंचायतीला हवंय एक्सेल. काम तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका, विहीर नकाशावरून हलली म्हणून तिचं पाणी आटत नाही.

फाइल केएमझेड निघाली तर सरळ नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला 'पीके' आणि पुढं सगळी भुताटकी दिसेल. फाइल खराब आहे असं कळवून मोकळे व्हा. ती साधी झिप असते, नावाचं शेपूट बदलून उघडली की आत केएमएल सापडते, हे कुणाला बोलू नका.

केएमएलमध्ये बेळगाव असं लिहितात: 74.50,15.85,0. आधी रेखांश, मग अक्षांश, शेवटी उंची. पण शाळेत आपण 'अक्षांश-रेखांश' असंच घोकलंय, तेव्हा पहिल्या रकान्याला बेलाशक 'अक्षांश' नाव द्या. बेळगाव नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या पश्चिमेकडच्या समुद्रात जाऊन पडतं. 74.50 हा आकडा 90 च्या आत असल्यानं कुठलंही सॉफ्टवेअर कुरकुर करत नाही. शिवाय तिथं पाणीटंचाई नाही.

क्यूजीआयएस (नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर लेयरवर राइट-क्लिक, एक्सपोर्ट, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, एक्सेलमध्ये उघडते), ओके. मधला 'जॉमेट्री'चा पर्याय 'डीफॉल्ट'वरच ठेवा: विहिरींची नावं येतात, ठिकाणं येत नाहीत. 'ॲज एक्सवाय' निवडणारे उगीच रेखांश-अक्षांशाचे दोन रकाने वाढवतात. बांधांना ते चालतही नाही, तिथं 'ॲज डब्ल्यूकेटी' (हद्दीचे सगळे बिंदू मजकूर म्हणून एकाच खान्यात) लागतं; आणि हद्द फारच वाकडीतिकडी असली तर एक्सेलच्या एका खान्यात 32,767 अक्षरांपलीकडचं मावत नाही.

खरी मजा पुढं आहे. तयार सीएसव्हीवर डबल-क्लिक करा. रि. स. नं. (सर्व्हे नंबर) 5/2 चं शेत क्षणात 05-फेब होतं. चूक दिसली की घाईघाईनं रकान्याला 'टेक्स्ट' करा: हे उद्योग 2025 साली केले असतील तर आता तिथं 45693 दिसेल, कारण एक्सेल तारखा दिवस मोजून साठवतं. मग सेव्ह करा. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ आता हिश्श्याऐवजी तारखेवर भांडतील.

त्याच डबल-क्लिकमध्ये भाषेचा प्रश्नही सुटतो. यूटीएफ-8 (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) ची खूण नसलेली फाइल एक्सेल जुन्या रोमन लिपीत वाचतं. येळ्ळूर, उचगाव, कडोली, सगळ्यांच्या जागी तिरकी रेघ डोक्यावर घेतलेल्या रोमन 'ए'ची रांग उभी राहते. शेजारचा कानडी रकाना बघा: तिथंही तोच 'ए'. सीमाभागात दोन्ही भाषांना इतकी समान वागणूक दुसरं कोण देतंय?

काही चिकट माणसं आधी कोरं एक्सेल उघडतात, 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घेतात, 65001 यूटीएफ-8 निवडतात, लोड करण्याआधी सर्व्हे नंबरचा रकाना 'टेक्स्ट' करतात. पाच मिनिटं जातात, चहा निवतो. त्यांच्या नादी लागू नका.

सगळं झालं की मूळ केएमएल डिलीट करा, उगीच जागा अडवते. पोरं विचारतील, "काका, पयली फाइल कुठं हाय वो?" सांगा, पेनड्राइव्हवर हाय की.