‘इंटरनेटवर पाठवलेल्या ऑर्डरीची पोच मिळत नाही’ हा दावा खोटा आहे

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरत आहे. ऑर्डरी, डिस्पॅचच्या सूचना आणि बिले यांची ईडीआयने, म्हणजे ठरलेल्या रचनेत एका संगणकाकडून दुसऱ्या संगणकाकडे, होणारी देवाणघेवाण मध्यस्थ कंपनीच्या खासगी नेटवर्कवरूनच करावी. इंटरनेटवर ती कोणीही वाचू शकतो, तिची पोच मिळत नाही, म्हणून ती कायद्याने ग्राह्य नाही आणि मोठ्या कंपन्या ती स्वीकारत नाहीत, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. भोसरीत माझ्या धाकट्या भावाचा सुट्या भागांचा कारखाना आहे. त्याच्या अमेरिकेतील ग्राहकाने असे कागद थेट इंटरनेटवरून पाठवण्याच्या एएस२ या पद्धतीची मुभा दिलेली असतानाही, हा संदेश वाचून तो खासगी नेटवर्कच्या तीन वर्षांच्या करारावर सही करायला निघाला होता.

सर्वांत घातक मुद्दा पोचेचा आहे, कारण वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने जुलै २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला, एएस२ ची पद्धत सांगणारा आरएफसी ४१३० हा दस्तऐवज कोणालाही विनामूल्य वाचता येतो, आणि संदेश लिहिणाऱ्याने तो उघडूनही पाहिलेला दिसत नाही. पाठवणारा ऑर्डरीवर आपल्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त डिजिटल किल्लीने, सही करतो आणि घेणाऱ्याने सर्वांना दिलेल्या सार्वजनिक किल्लीने ती अशी कूटबद्ध करतो, की ती फक्त घेणाऱ्यालाच उलगडता येते. घेणारा ती उलगडून सही तपासतो, हाती आलेल्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरातून गणिताने निघणारा ठसा, काढतो आणि तो हॅश घातलेली पोच स्वतःच्या सहीनिशी परत पाठवतो. पाठवणाऱ्याकडचा हॅश त्याच्याशी जुळला, की ऑर्डर एका अक्षराचाही फरक न होता पोहोचली याचा पुरावा खुद्द ग्राहकाच्या सहीने हाती येतो. खासगी नेटवर्कचा मध्यस्थ देतो तो अहवाल कागद नेटवर्कवरच्या ग्राहकाच्या पेटीत ठेवला किंवा त्याने उचलला इतकेच सांगतो; त्यावर ग्राहकाची सही नसते. कागदाची रचना बरोबर आहे की नाही हे सांगणारा ९९७ क्रमांकाचा प्रतिसाद तर दोन्ही वाटांनी सारखाच येतो.

कायद्याचा बागुलबुवाही असाच आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या चौथ्या कलमाने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली आहे, आणि पोच कशी द्यावी हे आधी ठरले नसेल तर यंत्राने आपोआप दिलेली पोचही चालते, असे बाराव्या कलमात स्पष्ट आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून करार नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या २००० सालच्याच ई-साइन कायद्यानेही सांगितले आहे. यांपैकी कशातही खासगी नेटवर्कची अट नाही.

मोठ्या कंपन्यांविषयी एवढेच पुरे, की वॉलमार्टने २००२ पासून आपल्या पुरवठादारांना एएस२ कडे वळवले. कोणीही वाचू शकतो, या दाव्याचे उत्तर वरच्या कूटबद्धतेतच आहे. उलट नेटवर्क खासगी आहे म्हणून त्यावरचा मजकूर आपोआप कूटबद्ध होत नाही, आणि तसा तो केलेला नसेल तर मध्यस्थाला वाचता येतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. एएस२ साठी आपला सर्व्हर रात्रंदिवस चालू लागतो, आणि किल्ली कोणाची हे सांगणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे लक्षात आले नाही तर देवाणघेवाण अडते. खासगी नेटवर्कची पेटी आपले यंत्र बंद असतानाही कागद सांभाळून ठेवते. ज्याच्याकडे हे पाहणारा माणूसच नाही, त्याने त्या सोयीचे पैसे मोजावेत. पण अनेक नेटवर्के दर हजार अक्षरांमागे आकार लावतात, म्हणजे धंदा वाढला की बिल वाढते, याचा त्या संदेशात उल्लेखही नाही.

भावाने करार थांबवला आहे आणि ग्राहकाकडे एएस२ वरून चाचणीची फाइल पाठवण्याची परवानगी मागितली आहे. तिची सही केलेली पोच आली, की ती त्याच गटात, त्याच संदेशाला उत्तर म्हणून टाकायला मी त्याला सांगितले आहे.