आत्याच्या सहीखाली दुसऱ्याचा मोबाइल नंबर

गेले तीन महिने आमच्या घरात एकच वाक्य फिरतंय, "घरातलं घरात राहू दे." आज मी ते मोडतेय. आत्याला विचारून आणि ही पोस्ट तिला वाचून दाखवून मोडतेय. माणसाचं, बँकेचं, विमा कंपनीचं, कुणाचंच नाव घेणार नाही. तक्रार चालू आहे आणि माझ्याकडे आहे तो संशय आहे. पण त्याला कागदांचा आधार आहे.

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ३६ वर्षं शिकवत होती. वय ७१. लग्न केलं नाही, गावच्या घरी काकांच्या कुटुंबात राहते. पेन्शन ३८,००० रुपये. दिवाळीला गेले तर म्हणाली, "मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात बघू गं, सध्या हात जरा आखडता आहे." मला ते पटेना. किराणाच्या चिठ्ठ्यासुद्धा तारेला ओवून ठेवणारी बाई. खाणारं तोंड एक, रिटायरमेंटच्या पैशांची एफडी होती, मग हात आखडता कशाने?

भाऊबीज झाल्यावर तिच्यासोबत बँकेत गेले आणि पासबुक भरून घेतलं. मार्च २०२४ मध्ये विमा कंपनीला एक लाख गेलेले. नोव्हेंबरात दीड लाख. मार्च २०२५ मध्ये दोन लाख, आणि त्याच महिन्यात पहिल्या पॉलिसीचा दुसरा हप्ता. मध्ये दोनदा एफडी मोडल्याची नोंद. तीन पॉलिसी, वर्षाला साडेचार लाखांचे हप्ते. तिची वर्षाची पेन्शन ४,५६,००० रुपये. बँकेतल्या बाकड्यावर बसून मी हा हिशेब तिला सांगितला, तेव्हा तिने पासबुक माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागली.

"एफडीसारखंच आहे म्हणाला. व्याज जास्त मिळतं म्हणाला."

म्हणणारा माझा चुलतभाऊ. विम्याचं काम करतो. आत्याचं एटीएम कार्ड त्याच्याकडे असायचं, कारण "तिला कुठे जमतंय". बँकेत नंबरही त्याचाच दिलेला, त्यामुळे ओटीपी त्याच्या फोनवर. ही व्यवस्था आम्हा सगळ्यांना माहीत होती आणि आम्ही तिला काळजी समजत होतो. मीही.

मग आम्ही विमा कंपनीकडून अर्जांच्या प्रती मागवल्या. घरात कुणाच्या पॉलिसीबद्दल शंका असेल तर पहिल्यांदा हेच करा, पॉलिसीच्या जाडजूड पुस्तिकेपेक्षा अर्ज जास्त बोलतो. आत्याच्या अर्जावर व्यवसाय 'व्यापार'. वार्षिक उत्पन्न १५ लाख. ईमेल आयडी आहे, आत्याला ईमेल कसा उघडतात ते माहीत नाही. मोबाइल नंबर भावाचा. तिचं वय योजनेत बसत नाही, म्हणून विमा उतरवलाय भावाच्या सहा वर्षांच्या मुलाचा आणि हप्ते भरणारी आत्या. नात्याच्या रकान्यात 'आजी'. ती त्याच्या आजोबांची बहीण. शेवटच्या पानावर एक निवेदन आहे, अर्जातला मजकूर ग्राहकाला मराठीत समजावून सांगितला आणि तो समजला. त्याखाली एका माणसाची सही. हा माणूस आत्याने आयुष्यात पाहिलेला नाही. स्वतःची सही मात्र तिचीच आहे, हे ती पहिल्यापासून कबूल करते. "फुल्या मारल्या होत्या तिथे केल्या," म्हणते.

घरात कागद ठेवले तर काका मला म्हणाले, "त्याचा संसार आहे, काम जाईल त्याचं." आत्याचे दोन डोळे धूसर झालेत, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ज्याच्यावर संशय घेतला त्याच्या अब्रूची एवढी चिंता, आणि जिचे पैसे गेले तिने समजून घ्यायचं? हे मला मान्य नाही. मी त्याला चोर म्हटलेलं नाही. उत्पन्न १५ लाख कुणी लिहिलं, एवढंच विचारलं. तीन महिन्यांत त्याचं उत्तर मिळालेलं नाही.

आणि या गप्प बसण्यात दिवस जातात, म्हणून मी इतकी चिडलेय. पॉलिसी पटली नाही तर ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. आत्याच्या पॉलिसी तिच्या हातात पडल्याच नाहीत, त्या ईमेलवर गेल्या. ते दिवस हुकले की पॉलिसी मध्येच बंद करणाऱ्याच्या भरलेल्या पैशांतला मोठा हिस्सा बुडतो. एजंटला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर सगळ्यात जास्त कमिशन असतं, म्हणून जुनी चालू असताना नवी गळ्यात मारली जाते. बोलायला लाजणाऱ्या घरांवर हे सगळं चालतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीच्या बरोबरीने आर्थिक छळाचाही उल्लेख आहे. आपल्याकडे मात्र त्याला 'व्यवहार' म्हणतात.

तक्रारीचा अर्ज आत्याने स्वतः लिहिला, शाळेच्या फळ्यावर असायचं तशा अक्षरात. मी 'फसवणूक' हा शब्द सुचवला होता. तिने तो खोडला आणि लिहिलं, "मला हा विमा आहे असे सांगण्यात आले नव्हते." कंपनीचं उत्तर आलं की ग्राहकाची सही आहे आणि पडताळणीचा फोनही झाला आहे. तो फोन ज्या नंबरवर झाला तो आत्याचा नाही. रेकॉर्डिंग मागितलंय, अजून आलेलं नाही.

आता प्रकरण पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे दिलंय. याची फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही की तिथे जायचं, त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकता येते, फोन १५५२५५. आणि पैशांसोबत घरात त्रासही होत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आत्याचा मराठी अर्ज मी नावं काढून ठेवलाय, लागेल त्याने मेसेज करा.

भाऊ बोलत नाही. त्याचा मुलगा मात्र संध्याकाळी पाढे म्हणायला आत्याकडे येतो, आणि ती घेते. बँकेत तिचा स्वतःचा नंबर लावून आलोय. मंगळवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, पैसे पेन्शनमधूनच भरणार आहे ती. कार्ड आता तिच्या पर्समध्ये असतं.