बारा आण्यांचा मसाला

दोन प्रोसेसरचा सर्व्हर स्वस्तात जुळवायला निघालं की पहिला आनंद प्रोसेसरच देतो. इंटेलचा सर्व्हरसाठीचा झिऑन ई५-२६८० व्ही४, २०१६ चा, १४ कोअर (एकाच चिपमधले स्वतंत्र मेंदू), २८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). डेटा सेंटरांनी काढून टाकलेले हे मोहरे जुन्या मालाच्या बाजारात इतके स्वस्त मिळतात की जोडी घेताना घासाघीस करायचीही लाज वाटते. ही झाली चार आण्यांची कोंबडी.

आता मसाला. आधी 'ई५-' पुढचा आकडा बघा. २ असेल तर दोघं एका मदरबोर्डावर नांदतात. १ असेल तर तो आजन्म ब्रह्मचारी, कितीही समजवा. झाकणावर 'कॉन्फिडेन्शियल' कोरलेलं असेल तर तो इंजिनिअरिंग सॅम्पल, म्हणजे चाचणीसाठी काढलेला नमुना. दुकानदार 'चालतो साहेब' म्हणतो, पण बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, ते मान्य असेलच असं नाही. व्ही३, म्हणजे आधीच्या पिढीच्या काळातला बोर्ड असेल तर व्ही४ बसवण्याआधी बायोस अपडेट करावा लागतो, आणि तेवढ्यासाठी एक व्ही३ उसना आणावा लागू शकतो.

बोर्ड बहुधा ईईबी मापाचा, १२ बाय १३ इंच. साध्या कॅबिनेटमध्ये तो घुसवायचा तर हार्ड डिस्कचा पिंजरा बाहेर काढा. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या स्क्रूंची भोकं दोन प्रकारची: चौकोनी ८० बाय ८० मिमी आणि अरुंद ५६ बाय ९४ मिमी. घरी येणारा हीटसिंक हमखास नको त्या प्रकारचा असतो. एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) प्रोसेसरचे आठ पिनांचे दोन प्लग हवेत. ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनी प्लग दिसायला सख्खा भाऊ, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या. जोर लावून बसवलात तर धूर मोफत.

रॅमबद्दल मी जरा कडक आहे. दर प्रोसेसरला रॅमकडे जाणारे चार रस्ते, म्हणजे चॅनल, म्हणून पूर्ण वेगासाठी निदान आठ काड्या, सगळ्या रजिस्टर्ड ईसीसी, म्हणजे चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या सर्व्हरच्या रॅमच्या. आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम या सर्व्हर रॅमच्या दोन जातींची खिचडी करू नका, मशीन उठणारच नाही. दुसरं सॉकेट रिकामं ठेवलंत तर त्याच्या बाजूच्या रॅमच्या खाचा मेलेल्या. दोन्ही बसवून १६ जीबीच्या आठ काड्या घातल्या आणि १२८ ऐवजी ११२ जीबी दिसली, तर आधी काड्यांची अदलाबदल करून बघा. हरवलेली खाच तीच राहिली तर प्रोसेसर उचला, फोनचा टॉर्च तिरपा धरा: सॉकेटच्या २०११ पिनांत वाकलेली एखादी रांग मोडून वेगळीच चमकते. म्हणून जुना बोर्ड सॉकेटवर टोपी असल्याशिवाय घेऊ नये.

विजेचं सरळ गणित आहे. सरासरी १५० वॉट चोवीस तास, म्हणजे महिन्याला १०८ युनिट, एसीचं वेगळं. शिवाय विंडोज सर्व्हरचं लायसन्स २०१६ पासून कोअर मोजून लागतं. २८ कोअरचं कोटेशन आलं की मालकांना अचानक लिनक्सबद्दल आपुलकी वाटू लागते.

माझं विचाराल तर, व्हर्च्युअल मशीनची (एकाच मशीनमध्ये चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरांची) भाऊगर्दी असेल तरच ही जोडी घ्या. नुसत्या अकाउंटिंगला बहुधा एकाच कोअरचा वेग कामी येतो. तिथे नवा, एका सॉकेटचा प्रोसेसर पुरतो. उरलेले कोअर नुसते गरम होत बसतात, आणि १यू मापाच्या चपट्या सर्व्हर डब्यातले ४० मिमीचे पंखे ते साऱ्या मजल्याला ओरडून सांगतात.