टीपीएचं अप्रूव्हल यायचंय

परवा आबांना डेंग्यू. प्लेटलेट 60 हजारांवर, ताप 103. रिक्षात घालून मिरजेला नेलं आणि कॅज्युअल्टीबाहेरच्या लोखंडी बाकावर दोन तास बसवलं. काउंटरवरची पोरगी मान वर न करता म्हणते, "काका, जनरल फुल आहे. डिलक्स देऊ का? टीव्ही आहे." माणूस थंडीनं कुडकुडतोय, त्याला टीव्ही काय बघायला लावतीस, बाई? आणि काका कुणाला म्हणतीस?

डोकं फिरलं, तसा जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेलो. (लिफ्ट फक्त रुग्णांसाठी, आणि आत चहाची किटली.) जनरल वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक गृहस्थ इस्त्रीचा शर्ट, पायात चप्पल, मांडीवर पिशवी, जतची एसटी लागायची वाट बघत असल्यासारखे बसलेले. सकाळी 10 ला डिस्चार्ज. घड्याळात साडेतीन. "टीपीएचं अप्रूव्हल यायचंय." टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारी मधली संस्था. थोडक्यात, बरा झालेला माणूस खाटेवर आणि आजारी माणूस बाकावर! 2024 चा नियम म्हणतो, हॉस्पिटलनं कागद पाठवल्यापासून 3 तासांत कंपनीनं मंजुरी द्यायची. पाठवल्यापासून! कागद बिलिंगच्या टेबलावर जेवून, वामकुक्षी करून निघतात, ते तास कुणाच्या खात्यात?

2021 च्या एप्रिल-मे मध्ये एका खाटेसाठी फोनमधला एक नंबर सोडला नव्हता. शाळेत ज्याच्याशी मारामारी केलेली, त्यालासुद्धा "भावा" म्हटलं. पण तेव्हा सरकारनं निदान दर तरी बांधून दिले होते. वॉर्ड 4000, आयसीयू 7500, व्हेंटिलेटरसकट 9000 रोजचे. आता बिलात काय काय लिहितात ते वाचायलाच चष्मा लागतो. वाटलं होतं, साथ गेली की खाटा मोकळ्या होतील. कसल्या मोकळ्या! अथणी, रायबाग, विजापूर, सांगोला, सगळी वाट आधीपासनं मिरजेचीच, त्यात कोरोनाला घाबरून गल्लीत ज्यानं त्यानं पॉलिसी काढलेली. क्लेमला 24 तास भरती लागते, मग साध्या तापाला सलाईन लावून पडतात. शेजारच्या खाटेवरचा असाच एक गडी मोसंबी सोलत फुल आवाजात रील बघत होता. अंगावर ताप कुठं दिसंना!

बायको म्हणाली, "गेल्या वर्षी तुम्हाला जुलाब झालेले तेव्हा?" दोन सलाईनमध्ये उठलो होतो, क्लेमसाठी रात्र काढली. हां, ते वेगळं. माझा प्रीमियम किती आहे माहीत आहे का!

संध्याकाळी सातला खाट मिळाली. इस्त्रीच्या शर्टाची.

चौथ्या दिवशी आबांना डिस्चार्ज, सकाळी 11 ला. आबांनी धोतर नेसलं, टोपी घातली, पिशवी मांडीवर घेतली. पाच वाजता दारात एक पोरगं येऊन उभं राहिलं. आबांकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं असं बघितलं की मी खाटेवरचा पाय खाली घेतला.

"टीपीए," म्हटलं.